पुन्हा शेअर केलेले व्हिडिओ: शोधण्याआधी आणि काढण्याआधी वाचावे

ग्राहकांनी आपल्या खात्यांवर शेअर केलेल्या व्हिडिओंची दुव्यांसह यादी करून देण्याचे काम आम्ही करतो. आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: मी मागे शेअर केलेला तो व्हिडिओ आता कुठे सापडेल? दुसरा प्रश्न नेमका उलट दिशेचा असतो: इतक्या वर्षांत शेअर केलेले सगळे एकदम कसे काढून टाकायचे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्ही फोनवर रोज देत असतो आणि दोन्हींच्या वाटेत एकच चूक आडवी येते, म्हणून हे माहितीपत्रक तयार केले आहे. आपले खाते कसे उघडावे, शेअरचे बटण कुठे असते, एवढी माहिती ग्राहकांना आहे असे आम्ही गृहीत धरतो.

ती चूक म्हणजे यादी तयार होण्याआधी साफसफाईला हात घालणे. सवड मिळाली की ग्राहक जुने खाते उघडून नको असलेले रिपोस्ट (दुसऱ्याची पोस्ट आपल्या पानावर पुन्हा दाखवणाऱ्या नोंदी) भराभर काढतात आणि त्या ओघात हवा असलेला व्हिडिओही गेला, हे ध्यानात आल्यावर आमच्याकडे येतात. अशा वेळी आमच्या हाती फारसे काही उरलेले नसते. फेसबुकवर शेअर केलेली नोंद ही आपली स्वतःची पोस्ट मानली जाते, त्यामुळे ती ट्रॅशमध्ये टाकली असेल तर ३० दिवस तिथे राहते आणि तोवर परत आणता येते. एक्सवर (पूर्वीचे ट्विटर), इन्स्टाग्रामवर आणि टिकटॉकवर काढलेल्या रिपोस्टला अशी मुदत नाही. रिपोस्ट मागे घेतला की नोंद गेली. इन्स्टाग्रामवर अलीकडे काढलेल्या गोष्टींचा जो कप्पा दिसतो, तो आपण स्वतः टाकलेल्या पोस्ट, रील आणि स्टोरींसाठी आहे, दुसऱ्याच्या रीलच्या रिपोस्टसाठी नाही. ‘अलीकडे काढलेल्यात बघा ना’ असे आम्हाला वारंवार सांगितले जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

शेअर किंवा रिपोस्ट केल्याने व्हिडिओ आपल्या खात्यात येत नाही. तो मूळ मालकाच्या खात्यातच राहतो आणि आपल्या पानावर दिसते ते त्याच्याकडे दाखवलेले बोट. मूळ मालकाने व्हिडिओ काढला, खाते खासगी केले, पाहणाऱ्यांची मर्यादा बदलली किंवा त्या संकेतस्थळानेच व्हिडिओ हटवला, तर आपल्या खात्यात काहीही न बदलता आपला शेअर निकामी होतो. फेसबुकवर अशा जागी मजकूर सध्या उपलब्ध नसल्याची राखाडी चौकट उरते. एक्सवर साधा रिपोस्ट मागमूस न ठेवता नाहीसा होतो, मात्र स्वतःचे शब्द जोडून केलेला कोट शिल्लक राहतो आणि त्याखाली मूळ पोस्टची रिकामी चौकट दिसते. जुन्या खात्यातून काही शोधायचे असेल तर आपण जोडलेल्या या चार शब्दांचा फार उपयोग होतो. नुसते बटण दाबण्याऐवजी एक ओळ लिहून शेअर करण्याची सवय लावून घ्यावी, असा आमचा सल्ला असतो.

थेट प्रक्षेपणांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण हरवलेल्या व्हिडिओंच्या तक्रारींत ती वरचेवर निघतात. फेसबुकने १९ फेब्रुवारी २०२५ पासून नवी थेट प्रक्षेपणे केवळ ३० दिवस ठेवण्याचे धोरण लागू केले. त्याहून जुनी प्रक्षेपणेही मालकांना आधी सूचना आणि उतरवून घेण्यास मुदत देऊन टप्प्याटप्प्याने काढली जातील, असे तेव्हाच जाहीर झाले होते. एखाद्या सभेचे किंवा कार्यक्रमाचे प्रक्षेपण आपण शेअर केले असेल आणि आज तिथे रिकामी चौकट असेल, तर दोष आपल्या खात्याचा नाही. ती फाइल आम्हीही परत आणू शकत नाही. ज्यांनी प्रक्षेपण केले त्यांनी वेळेत उतरवून ठेवले असेल, तर मागायचे ते त्यांच्याकडेच.

आता शोधण्याबद्दल. फेसबुकवर आपल्या प्रोफाइलमधील तीन टिंबांच्या आड अ‍ॅक्टिव्हिटी लॉग असतो; तिथे आपल्या पोस्ट वर्षानुसार गाळून पाहता येतात आणि शेअर केलेले व्हिडिओ त्याच रांगेत मिळतात. इन्स्टाग्रामवर रिपोस्टची सोय ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि प्रोफाइलवर तिचा स्वतंत्र टॅब आहे. त्याआधी लोक दुसऱ्याचे रील आपल्या स्टोरीत टाकत असत. स्टोरी २४ तासांनी उतरते आणि संग्रह चालू ठेवलेला असेल तरच स्टोरींच्या अर्काइव्हमध्ये सापडते. त्यामुळे २०२३ साली शेअर केलेले रील रिपोस्टच्या टॅबमध्ये शोधत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय. टिकटॉकवरही प्रोफाइलमध्ये रिपोस्टचा टॅब आहे. तिथून व्हिडिओ उघडून शेअरच्या बाणावर गेले की रिपोस्ट काढण्याचा पर्याय मिळतो.

आमच्या अनुभवात, हरवला म्हणून आणलेला व्हिडिओ पुष्कळदा मुळात शेअर केलेलाच नसतो. तो आवडला म्हणून हृदयाचे चिन्ह दाबलेले असते, किंवा जतन केलेला असतो, किंवा कोणाला तरी खासगी संदेशात पाठवलेला असतो. या तिन्हींची दफ्तरे वेगवेगळी असतात आणि त्यांपैकी एकही रिपोस्टच्या टॅबमध्ये उमटत नाही. म्हणून आमच्याकडे येण्यापूर्वी आवडलेल्यांची यादी, जतन केलेल्यांची यादी आणि ज्यांच्याशी नेहमी बोलणे होते त्यांच्या संदेशांतील माध्यमांचा कप्पा अवश्य चाळावा. यात पाच मिनिटे जातात आणि अनेकांना पुढे आमची गरजच पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवलेले व्हिडिओ तर कोणत्याही प्रोफाइलवर नसतातच. ते फोनमध्ये आणि त्या त्या चॅटमध्ये असतात, आणि साठवणुकीच्या व्यवस्थापनात अनेकदा पुढे पाठवलेल्या तसेच मोठ्या फाइली आकारानुसार लावून पाहता येतात.

एक्सचे प्रकरण थोडे किचकट आहे आणि आमच्या दृष्टीने खरे घोडे तिथेच पेंड खाते. आपल्या पानावर मागे मागे जाताना अलीकडच्या सुमारे ३,२०० नोंदींपलीकडे पोचता येत नाही, आणि त्या मोजणीत रिपोस्टही धरलेले असतात. त्याहून जुने काही हवे असेल तर सेटिंग्जमधून आपल्या खात्याच्या माहितीचा संग्रह मागवावा लागतो. संग्रह आला की ग्राहकांना वाटते, आता सगळे आपल्याजवळ आले, पान मोकळे करायला हरकत नाही. प्रत्यक्षात त्या संग्रहात दुसऱ्याचा व्हिडिओ नसतो. असते ती ‘आरटी’ (RT, म्हणजे रिट्वीट, रिपोस्टचे जुने नाव) या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ, मूळ खात्याचे नाव आणि मजकुराचा आरंभ. लांब मजकूर असेल तर शेपूट कापलेले असते आणि व्हिडिओचा दुवा बहुधा त्या शेपटातच असतो. शेजारी एक लांबलचक क्रमांक असतो, पण तो मूळ पोस्टचा नसून आपल्या रिपोस्टचा असतो. रिपोस्ट जागेवर असेतोवर त्या क्रमांकाचा पत्ता उघडला की मूळ व्हिडिओपर्यंत पोचता येते. रिपोस्ट मागे घेतला की तोच क्रमांक कुठेच नेत नाही. संग्रह हाती आणि वाट बंद, अशी ही अवस्था होते. मग कापलेल्या अर्ध्या ओळीवरून मूळ पोस्ट हुडकण्यात आमचा जो वेळ जातो, त्यात एरवी पूर्ण खात्याची यादी झाली असती.

म्हणून आमची पद्धत ठरलेली आहे: आधी संग्रह, मग त्यावरून यादी, मग प्रत्येक दुवा डोळ्यांनी तपासून मूळ पत्त्याची नोंद, आणि त्यानंतरच काढाकाढी. ‘एवढ्याशा कामाला इतके दिवस कशाला?’ असे विचारले जाते. संग्रह तयार करून देणे त्या त्या कंपनीच्या हाती असते. कधी काही तासांत मिळतो, कधी काही दिवस थांबावे लागते, आणि ते लवकर करवून घेणे कोणाच्याच हाती नाही. दुवे तपासण्याचे काम आम्ही माणसाकडून करवून घेतो, कारण व्हिडिओ चालू आहे, खासगी झाला आहे की कायमचा गेला आहे, हे उघडून पाहिल्याखेरीज खात्रीने लिहिता येत नाही.

सगळे रिपोस्ट एका झटक्यात काढून देणाऱ्या स्वयंचलित साधनांविषयीही विचारणा होते. ती आम्ही वापरत नाही. परवानगीवाचून यंत्राने खाते चालवणे या सेवांच्या नियमांत बसत नाही, आणि थोड्या वेळात शेकडो क्रिया झाल्या की खाते तात्पुरते अडकवले जाण्याचा धोका असतो. शिवाय अशा बहुतेक साधनांना खात्यात शिरण्याची पूर्ण मुभा द्यावी लागते. याच कारणास्तव आम्ही ग्राहकांचा पासवर्ड घेत नाही. कित्येक जण आपणहून देऊ करतात, आम्ही नम्रपणे नाकारतो आणि काहींना त्याचा रागही येतो. तरीही संग्रह ग्राहकाने स्वतः मागवावा आणि आम्हाला केवळ फाइल द्यावी, हा नियम आम्ही सोडलेला नाही. त्या फाइलमध्येही खासगी संदेश येऊ शकतात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांच्या बाबतीत मागणी करतानाच कोणकोणती माहिती हवी हे निवडता येते, तेव्हा संदेशांवरची खूण अवश्य काढावी.

मागणी करताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. तारखांच्या रकान्यात सुरुवातीपासूनचा पूर्ण काळ निवडावा, कारण मर्यादित काळ निवडला गेला आणि जुनी वर्षे फाइलमध्ये आलीच नाहीत, असे पुष्कळदा घडते. फाइलचा प्रकार विचारला जातो तिथे स्वतः वाचायची असेल तर एचटीएमएल (ब्राउझरमध्ये पानासारखा उघडणारा प्रकार) आणि आम्हाला द्यायची असेल तर जेसन (JSON, संगणकाला वाचायला सोयीचा प्रकार) निवडावा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांच्या जेसन फाइलमध्ये देवनागरी मजकूर विस्कटून अगम्य खुणांसारखा दिसतो. फाइल बिघडली असे समजून ग्राहक ती पुसून टाकतात आणि पुन्हा मागवतात. तसे करू नये. अक्षरे मागे जशीच्या तशी असतात, केवळ चुकीच्या पद्धतीने लिहिलेली असतात आणि आम्ही ती सरळ करून घेतो. तारखेच्या जागी दिसणारा दहा अंकी आकडा हाही दोष नव्हे. १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांची ती मोजणी आहे.

काढण्याच्या टप्प्यावर एक खबरदारी विशेष करून व्यवसायाची पाने चालवणाऱ्यांनी घ्यावी. आपला मूळ व्हिडिओ एका पानावर टाकून तो दुसऱ्या पानावर शेअर केलेला असतो आणि एकच गोष्ट दोनदा दिसते म्हणून एक प्रत काढली जाते. ती प्रत मूळ निघाली तर आपला शेअर, ग्राहकांनी आणि परिचितांनी केलेले शेअर, खालच्या प्रतिक्रिया आणि पाहणाऱ्यांची संख्या, हे सारे एकदम जाते. शेअर काढल्याने मूळ व्हिडिओला धक्का लागत नाही, मूळ काढल्याने मात्र कोणताही शेअर वाचत नाही. आमच्या यादीत यासाठी ‘मूळ’ आणि ‘शेअर’ असा वेगळा रकाना असतो. नुसते लोकांच्या नजरेआड करायचे असेल तर फेसबुकवर पोस्ट अर्काइव्हमध्ये हलवावी. तिथे ३० दिवसांची अट नाही आणि मन बदलले तर परत आणता येते.

निकामी झालेल्या शेअरच्या जागी तोच व्हिडिओ कुठून तरी उतरवून आपल्या नावाने पुन्हा चढवून द्यावा, अशी विनंती काही ग्राहक करतात. ते काम आम्ही घेत नाही. शेअरच्या बटणाने मूळ मालकाचे नाव कायम राहते आणि व्हिडिओवर त्याचे नियंत्रण राहते. उतरवून चढवलेली प्रत ही दुसऱ्याच्या कृतीची नक्कल ठरते आणि स्वामित्वहक्काची तक्रार आली तर फटका खात्याला बसतो. मालकाची लेखी परवानगी असेल तर गोष्ट निराळी.

मोजके दहा-वीस व्हिडिओ असतील तर वर सांगितलेल्या वाटेने आपण स्वतः यादी करू शकाल आणि त्यासाठी आमच्याकडे येण्याचे कारण नाही. अनेक वर्षांचे खाते असेल, एकाहून अधिक ठिकाणी असेल किंवा संस्थेचे पान अनेकांच्या हातांतून गेलेले असेल, तर आमची यादी उपयोगी पडते. ती तारीख, मूळ खाते, दुवा, आपण जोडलेले शब्द आणि सद्यःस्थिती अशा रकान्यांत मिळते आणि पुढे आपली आपल्याला वाढवता येते. येताना संग्रहाची फाइल न उघडता, न बदलता, मूळ झिप स्वरूपात आणावी आणि जे व्हिडिओ विशेष हवे आहेत त्यांबद्दल आठवेल तेवढे एका कागदावर लिहून आणावे: अंदाजे वर्ष, कोणी टाकला होता, त्यात कोण बोलत होते. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांची फाइल तयार झाल्याची सूचना आल्यावर ती उतरवून घेण्यास साधारण चारच दिवस मिळतात, म्हणून सूचना दिसताच ती संगणकावर उतरवून ठेवावी आणि आमच्याकडून यादी हाती पडेपर्यंत खात्यातील एकही रिपोस्ट काढू नये.