फोनविक्री गुणिले दर म्हणजे रॉयल्टी नव्हे

एखाद्या कंपनीने किती फोन विकले त्याला पेटंटधारकाच्या जाहीर दराने गुणा, की त्याची रॉयल्टी (पेटंट वापरल्याबद्दल मिळणारे पैसे) निघाली, हा हिशेब वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो बहुधा चुकतो.

जाहीर दर ही बहुतेकदा कमाल मर्यादा असते. नोकियाने 2018 मध्ये 5जीसाठी प्रति फोन 3 युरो जाहीर केले, तेही ‘जास्तीत जास्त’ म्हणूनच. क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या पेटंटधारक कंपनीचा 5जी मल्टीमोड (5जीसोबत जुन्या पिढ्यांचे नेटवर्कही चालणाऱ्या) फोनसाठीचा दर 3.25 टक्के, पण फोनची किंमत धरायची ती 400 डॉलरपर्यंतच. म्हणजे हजार डॉलरच्या फोनवर साडेबत्तीस नव्हे, फार तर 13 डॉलर. (महागड्या फोनवरचे फुगवलेले आकडे इथूनच येतात.)

शिवाय फोन बनवणाऱ्याकडेही पेटंट असतील तर दोघे परस्पर परवाने देतात आणि फक्त फरकाची रक्कम हात बदलते. काही करार एकरकमी असतात. तिथे विक्री वाढली तरी उत्पन्न तेवढेच.

रॉयल्टीचा वाद मिटला की थकबाकी एकदम जमा होते. ॲपलशी समझोता झाल्यावर क्वालकॉमने 2019 च्या एका तिमाहीत सुमारे 4.7 अब्ज डॉलर उत्पन्न दाखवले. त्या तिमाहीच्या फोनविक्रीने त्याला भागून दर काढणे निव्वळ हास्यास्पद.