पाणी तुंबलं म्हणजे ढगफुटी (‘क्लाउडबर्स्ट’) नव्हे

दादरच्या हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं की व्हॉट्सॲपवर ‘मुंबईत ढगफुटी’ फिरू लागतं. बहुतेक वेळा ते खोटं असतं. ढग ही फुटायला पाण्याची पिशवी नाही. हवेचा जोरदार ऊर्ध्व प्रवाह थेंबांना वर धरून ठेवतो, ते मोठे होत जातात आणि प्रवाहाला पेलेनासे झाले की थोड्या जागेवर एकदम कोसळतात.

भारतीय हवामान विभागाचा निकष असा: साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटर परिसरात एका तासात 100 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. म्हणजे दर चौरस मीटरवर तासात 100 लिटर पाणी. दिवसभरात 200 मिलिमीटर पडला तरी तो ‘अतिमुसळधार’, तेवढ्यावरून ढगफुटी म्हणता येत नाही. चोवीस तासांचा आकडा सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात, त्यावरून तासाचा जोर कळत नाहीच.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तर मुंबईतच कुलाब्याला जेमतेम 73. पाऊस किती थोड्या जागेवर कोसळू शकतो, ते यावरून दिसतं.

मग पाणी का तुंबतं? मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी यंत्रणा, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले, तासाला 25 मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती. सुधारित आराखड्यात हा आकडा 50 झाला. त्यात मोठी भरती आली की नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही. अशा वेळी तासाला 60 मिलिमीटरही पुरेसे होतात. मेसेज पुढे ढकलण्याआधी तासाचा आकडा आणि भरतीची वेळ, दोन्ही बघा.