तापात भात बंद करू नका

पावसाळा लागला की नागपुरात घरोघरी तापाचं कुणीतरी अंथरुणावर, आणि मोठ्यांची ताकीद ठरलेली: "भात देऊ नका, थंड असतो, ताप उलटेल." हे खरं नाही. ताप येतो तो बहुतेकदा विषाणू-जिवाणूंमुळे. भाताने तो परतत नाही.

तापात शरीराला ऊर्जा जास्तच लागते. तापमान 1 अंश सेल्सिअसने चढलं की साधारण 10 ते 13 टक्के जास्त. तोंडाला चव नसताना मऊ खिचडी सहज जाते. भंडारा-गोंदियाकडचा तांदूळ, मुगाची डाळ, पाचपट पाणी, हळद, हिंग, मीठ. शितं बोटाने चिरडतील इतकी शिजू द्या, वर चमचाभर तूप. जुलाब असतील तर मीठ घातलेली पातळ पेज द्या, सोबत जलसंजीवनी हवीच.

जपायचं ते शिळ्या भातापासून. सकाळचा भात इथल्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिला, तर त्यात बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढू शकतो, आणि त्याचं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून आजाऱ्याला ताजा, गरमच वाढा. मधुमेह असेल तर भात कमी, डाळ जास्त.