काहिलीतला आकडा आणि बर्फातला शून्य

गेल्या हंगामात बेळगावजवळच्या खानापूरकडच्या आमच्या गुऱ्हाळात एक आधण, म्हणजे काहिलीत (मोठ्या कढईत) एका वेळी आटवलेला उसाचा रस, वाया गेलं. पाक वाफ्यात (निववायच्या खळग्यात) घोटला, साच्यात भरला, पण सकाळपर्यंत ढेप काही धरली नाही. आमच्याकडे ढेपेचा गूळ 116 अंशांच्या सुमारास उतरवतात आणि थर्मामीटर 116 दाखवत होता. गुळव्याकाका (पाक कधी उतरवायचा ते ठरवणारे कारागीर) मात्र थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून सांगत होते, "गोळी बसली नाही अजून. जरा दम काढा की!" आम्ही आकड्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी तोच थर्मामीटर बर्फात बुडवला, तर आकडा 40 च्या खाली येईना.

असं का झालं, ते समजलं की थर्मामीटर निवडणं सोपं जातं. स्वयंपाकघरातल्या बहुतेक डिजिटल थर्मामीटरच्या सळईत थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि त्यावरून यंत्र अंश ठरवतं. सळई पाकात तापते तेव्हा आतली हवा फुगून फटीतून बाहेर पडते. निवताना आत पोकळी होते आणि ती बाहेरचं पाणी ओढून घेते. वायर पोलादी नळीत शिरते तो सांधा सगळ्यात कच्चा असतो. आत गेलेल्या ओलीतून थोडा प्रवाह पळवाट काढतो, एकूण रोध कमी भरतो आणि यंत्र त्याचा अर्थ "जास्त गरम" असा लावतं. थंडीत थर्मिस्टरचा रोध खूप मोठा असतो, म्हणून बर्फात ही चूक अवाढव्य दिसते. पाकात ती दोन-तीन अंशांचीच असते, आणि म्हणूनच लक्षात येत नाही. पण तेवढ्यावर आधण जातं.

कारण पाकाचं तापमान म्हणजे खरं तर त्यात किती पाणी उरलंय त्याचा हिशेब. पाणी उडतं तशी साखर दाट होते आणि उकळण्याचा बिंदू वर सरकतो. काकवी 105-106 अंशांवर उतरवतात, घट्ट गुळासाठी पुस्तकांत 118 ते 120 सापडतं. शेवटी पाणी थोडंच उरलेलं असल्यामुळे आकडा भराभर चढतो. लवकर उतरवला तर गूळ सैल राहतो, उशीर झाला तर करपून काळा पडतो.

मग आमच्याकडे 116 का? बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे साधं पाणीसुद्धा 97.5 अंशांच्या आसपासच उकळतं. नवा थर्मामीटर उकळत्या पाण्यात 100 दाखवत नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका. 100 दाखवला तरच शंका घ्या. पाकाचा आकडाही तेवढाच खाली येतो. तेव्हा पुस्तकातला आकडा जसाच्या तसा न घेता, आपल्या गावातल्या उकळत्या पाण्यापेक्षा पाक किती अंश वर गेला, ते धरावं. कन्नडमध्ये गुळाला बेल्ल म्हणतात, पण पाक दोन्ही भाषांत पाकच, आणि हा हिशेबही दोघांना सारखाच लागू.

बर्फाचा शून्य मात्र उंचीने हलत नाही. बर्फ बारीक कुटून पेल्यात गच्च भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, सळई मधोमध धरून हलकेच ढवळा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. तळ किंवा कड लागू देऊ नका.

खरेदी करताना दशांशाला भुलू नये. 116.3 असं दिसलं म्हणजे तो .3 खरा असतोच असं नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या "वॉटरप्रूफ" डीएस18बी20 सेन्सरची अर्ध्या अंशाची हमी 85 अंशांपर्यंतच आहे आणि त्याची धाव 125 ला संपते. त्याची प्लास्टिकची वायर काहिलीवर मऊ पडते ते वेगळंच. साध्या के-प्रकारच्या थर्मोकपलमध्ये (दोन धातूंच्या तारांच्या जोडावरून तापमान मोजणारा सेन्सर) दोन अंशांहून थोडी जास्त चूक नियमातच बसते. मी प्लॅटिनमची पीटी100 सळई घ्यायला सांगेन. शून्य अंशाला तिचा रोध 100 ओहम, 100 अंशाला 138.5. अचूकतेच्या ए वर्गातली सळई 116 ला 0.4 अंशांच्या आत राहते. वायर सिलिकॉनची किंवा टेफ्लॉनची घ्या. सळई लांब हवी, म्हणजे सांधा वाफेपासून दूर राहतो. आयपी67 हा पाणी-धूळ आत न शिरण्याचा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण ती चाचणी गार पाण्यातली असते, उकळत्या पाकातली नव्हे. इन्फ्रारेड गन काहिलीवर कामाची नाही, तिला वाफ आणि फेसच दिसतो. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर तर अन्नाच्या जवळही नको.

अशा अचूकपणाची गरज बिअर गाळणाऱ्यांना फार आधी पटली. सातूचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) 63 अंशांच्या सुमारास भिजवलं तर सहज आंबणारी साखर जास्त होते, 70 च्या पुढे न आंबणारी जास्त उरते. उष्णता आणि काम यांचं नातं मोजणारा जेम्स जूल (1818-1889) इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या अशाच बिअर गाळणाऱ्या घरातला. अंशाचे बारीक भाग वाचण्याची त्याची सवय या धंद्यातच मुरली असावी, असं मला वाटतं.

आता आमच्याकडे प्रत्येक आधणानंतर सळई आधी कोमट पाण्यात पाक सुटेपर्यंत ठेवतो. गरम सळई एकदम गार पाण्यात कधीच घालत नाही, कारण ओल आत ओढली जाते ती तेव्हाच. आठवड्यातून एकदा बर्फ. आणि गोळी बघायला काकाच.