इंडोहायस की पाकिसिटस?

देवमाशाच्या उत्क्रांतीच्या चित्रात सुरुवातीलाच चार पायांचा, शेपटीवाला एक प्राणी उभा असतो. त्याखाली कधी इंडोहायस लिहिलेलं असतं, कधी पाकिसिटस. दोघेही भारतीय उपखंडातले, साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणून गल्लत होते. पण यातला देवमासा पाकिसिटस. इंडोहायस त्याचा चुलतभाऊ.

पाकिसिटस पाकिस्तानातल्या कोहाट भागातला, १९८१ साली जाहीर झालेला. तेव्हा हाती कवटीचा मागचा भाग, जबड्याचे तुकडे आणि दात एवढंच होतं, त्यामुळे चित्रकारांनी त्याला खुशाल पोहायला लावलं. २००१ मध्ये बाकीची हाडं प्रसिद्ध झाली आणि निघाला लांब सडपातळ पायांचा, लांडग्याएवढा प्राणी! तरीही देवमासाच, कारण कान. मधल्या कानाभोवतीच्या हाडाच्या वाटीची आतली कड देवमाशांत कमालीची जाड असते, आणि ती त्याच्यात आहे. घोट्याचं हाड मात्र गाय, हरणाच्या घोट्यासारखं; देवमासे समखुरी, म्हणजे पायाला सम संख्येने खूर असणाऱ्या प्राण्यांच्याच कुळातले, याचा हा भक्कम पुरावा.

इंडोहायसची गोष्ट मला जास्त आवडते. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या राजौरीजवळच्या कालाकोटहून जीवाश्मांचे दगड गोळा केले होते. त्यांच्या पश्चात ते अमेरिकेतले संशोधक हान्स थेविसन यांच्याकडे गेले. दगड साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून एका कवटीच्या कानाचं हाड मोडलं, आणि आत तीच जाड कड! २००७ मध्ये हे जाहीर झालं.

मग पंचाईत अशी की कानावरूनच ठरवायचं तर इंडोहायसलाही देवमासा म्हणावं लागेल. पण बाकी अंग पाहा. आकार मांजराएवढा, ठेवण सह्याद्रीतल्या पिसोरी हरणासारखी, दाढा झाडपाला चघळणाऱ्या. पाकिसिटसचं तोंड लांबट, पुढचे दात एकामागे एक ओळीने, शिकार धरायला सोयीचे, आणि डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला. दोघांचीही पायांची हाडं जड. उथळ पाण्यात तळाशी पाय टेकून चालायला असं वजन कामी येतं.

शिवाय इंडोहायसचे हे जीवाश्म सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे पाकिसिटसपेक्षा थोडे अलीकडचेच. नुसत्या वयावरून निकाल लागत नाही, पण संशोधकही त्याला देवमाशांचा थेट पूर्वज नाही, जवळचा नातेवाईक मानतात. तेव्हा त्याला देवमाशांचा थेट पूर्वज म्हणणारं चित्र चूक आहे.