पोर्शन पुढे, मूल मागे

‘असर’ या पाहणीत मुलांचे वाचन तपासण्यासाठी जे साधन वापरतात, ते एका कागदावर मावते. त्यावर काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. स्वयंसेवक गावात घरोघरी जातो, मुलाला शेजारी बसवतो आणि वाचायला सांगतो. ही चाचणी मुद्दाम घरी घेतली जाते, कारण पटावर नाव असूनही त्या दिवशी शाळेत न आलेले मूल मोजणीतून सुटता कामा नये. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून चालवलेल्या या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील ६ ते १४ वर्षे वयाच्या ९८.१ टक्के मुलांची नावे कोणत्या ना कोणत्या शाळेत आहेत; मात्र पाचवीतील मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीची ती गोष्ट वाचता येते. करोनाच्या साथीनंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण ४२.८ टक्क्यांपर्यंत घसरले होते. साथीपूर्वी, २०१८ मध्ये, ते ५०.५ टक्के होते. साथीने नुकसान केले हे खरे, पण निम्मी मुले त्याआधीही मागेच होती.

यातला पहिला आकडा गाठायला शंभराहून अधिक वर्षे लागली. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात रयतेच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि गावातील प्राथमिक शाळा कोरड्या राहतात, ही तक्रार स्पष्ट शब्दांत मांडली होती. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले, आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात तोच निर्णय स्वतःच्या अधिकारात घेतला. देशभरासाठी तसा कायदा, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, व्हायला २००९ साल उजाडले. मूल शाळेत पोचले. आता प्रश्न आहे तो शाळेत आल्यावर त्याचे काय होते याचा.

शिक्षणव्यवस्था सुधारायची म्हटले की आपली चर्चा दहावी-बारावी, प्रवेशपरीक्षा आणि विद्यापीठे यांच्याभोवती फिरते. त्या टप्प्यावरचे अपयश गुणपत्रिकेवर छापून येते, म्हणून ते दिसते. दुसरीतले अपयश कुठेच छापले जात नाही. परंतु वाचनाचे मानसशास्त्र आणि गेल्या पंचवीस वर्षांत प्रत्यक्ष शाळांमध्ये झालेले प्रयोग या दोन्हींतून जमा झालेला पुरावा पाहिला, तर सुधारणेची सुरुवात पहिली ते तिसरी या तीन इयत्तांपासून केल्याशिवाय वरच्या कोणत्याही सुधारणेला फारसा अर्थ उरत नाही, असे माझे मत झाले आहे.

मूल बोलायला शिकते ते घरातले बोलणे ऐकत; लिपी मात्र कोणीतरी शिकवावी लागते. देवनागरीत अक्षराचा उच्चार बहुतेक ठरलेला असतो, ही मोठी सोय. पण चिन्हांची संख्या थोडीथोडकी नाही. बाराखडीच चारशेच्या घरात जाते आणि त्यानंतर जोडाक्षरे सुरू होतात. एकट्या ‘र’कडे पाहावे: ‘चक्र’मध्ये तो पायाशी तिरकी रेघ होतो, ‘राष्ट्र’मध्ये काकपदासारखा खाली लटकतो, ‘सूर्य’मध्ये रफार होऊन डोक्यावर चढतो आणि ‘वाऱ्या’मध्ये पुढच्या अक्षराआधी छोट्या अर्धवर्तुळासारखा येतो. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. सराईत वाचकाला यातले काही जाणवतही नाही, सहा वर्षांच्या मुलाला मात्र यातील प्रत्येक गोष्ट सुटी शिकावी लागते. देवनागरीसारखीच अक्षरप्रधान असलेली कन्नड लिपी शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास सोनाली नाग यांनी केला, तेव्हा अक्षरांचा हा संच पक्का होण्याची प्रक्रिया चौथीपर्यंत लांबते असे त्यांना आढळले. शाळेचे वेळापत्रक तितकी वाट पाहत नाही.

अक्षरे ओळखता येणे पुरेसे नसते, ती सहज ओळखता यावी लागतात. आपली कार्यस्मृती, म्हणजे हातात घेतलेल्या कामापुरती माहिती धरून ठेवणारी मनाची जागा, फार अपुरी असते; एका वेळी चारेक गोष्टींहून अधिक काही तिच्यात टिकत नाही. ‘आजीने किसनला विहिरीवरून पाणी आणायला सांगितले’ हे वाक्य एखादे मूल ‘आ… जी… ने… कि… स…’ असे जुळवत वाचू लागले, की त्याची सगळी स्मृती अक्षरे जुळवण्यातच खर्च होते आणि ‘सांगितले’पर्यंत पोचताना सुरुवातीची आजी निसटून गेलेली असते. मग ‘पाणी कोणी आणायचे?’ या प्रश्नावर ते गप्प बसते. तेच वाक्य त्याला वाचून दाखवले तर उत्तर तत्काळ येते. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये याची साधी मांडणी केली: वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. इथे बेरीज नसून गुणाकार आहे, त्यामुळे एक बाजू शून्य असली तर दुसरी कितीही भक्कम असून उपयोग होत नाही.

तिसरी-चौथीनंतर परिसर अभ्यास, इतिहास, विज्ञान आणि गणितातली शाब्दिक उदाहरणे हे सगळे वाचूनच शिकायचे असते. वाचणाऱ्या मुलाला दरवर्षी नवे शब्द मिळत जातात आणि त्या शब्दांच्या बळावर पुढचे पुस्तक सोपे जाते. अडखळणाऱ्या मुलासाठी तीच पुस्तके बंद राहतात. दोघांमधले अंतर वाढवायला कोणी काही करावे लागत नाही. अर्थतज्ज्ञ लँट प्रिचेट आणि अमांडा बीटी यांनी अनेक विकसनशील देशांतील आकडेवारीवरून दाखवले, की अभ्यासक्रमाचा वेग मुलांच्या शिकण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल, तर वर्षामागून वर्ष शाळेत बसूनही बरीच मुले जवळजवळ काहीच शिकत नाहीत, आणि अशा वेळी अभ्यासक्रम सावकाश केला तर एकूण शिक्षण वाढते.

आपल्याकडे हा वेग कायद्यानेच पक्का झालेला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची जी कर्तव्ये दिली आहेत, त्यांत ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे हे एक आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेनुसार जादा शिकवणे हेही त्याच कलमात आहे, हे न्यायाला धरून सांगायला हवे. मात्र या दोन कर्तव्यांपैकी कोणते मोजले जाते, हे शिक्षकाला पक्के ठाऊक असते. भेटीला आलेला अधिकारी ‘कितवा धडा चालू आहे?’ असे विचारतो. ‘किती मुलांना जोडाक्षरे येत नाहीत?’ हा प्रश्न क्वचितच येतो. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत घेऊन, वर माहिती भरण्याची आणि निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या शिक्षकाने पोर्शन संपवण्याची वाट धरली, तर त्याला दोष देणे मला पटत नाही.

यावर उपाय काय, याचा पहिला काटेकोर प्रयोग मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत झाला. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत सुरू केलेल्या ‘प्रथम’चा ‘बालसखी’ हा उपक्रम होता. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी, सुमारे दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर, तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि त्यांना आधीच्या इयत्तांत यायला हवे होते तेवढेच शिकवायची. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी २००१ ते २००३ या काळात याची पद्धतशीर तपासणी केली. वडोदऱ्यात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्या शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली, उरलेल्यांना चौथीसाठी, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल केली. त्यामुळे प्रत्येक इयत्तेत बालसखी असलेल्या आणि नसलेल्या शाळांची सरळ तुलना करता आली.

पहिल्या वर्षी बालसखी असलेल्या वर्गांचे सरासरी गुण ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले; प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप. शंभर मुलांना गुणांनुसार ओळीत उभे केले, तर बरोबर मधल्या मुलाने अकराएक जणांना मागे टाकण्याइतकी ही दुसऱ्या वर्षाची वाढ आहे. ती मुख्यतः सर्वांत मागे असलेल्या मुलांमुळे झाली होती. या अभ्यासातला मला सर्वांत बोलका वाटणारा निष्कर्ष मात्र वेगळाच आहे. मागची पंधरा-वीस मुले दोन तास बाहेर गेल्यामुळे वर्गात उरलेल्यांना शिक्षकाचे अधिक लक्ष मिळायला हवे होते, तरीही त्यांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही. वर्ग लहान झाला, पण शिकवणे तेच राहिले. फरक पडला तो जिथे शिकवण्याची पातळी बदलली तिथे. वडोदऱ्यातच संगणकावरील गणिती खेळांचीही तपासणी झाली. त्यांनी गणिताचे गुण बरेच वाढवले, पण बालसखी कितीतरी स्वस्त पडली.

पुढे ही पद्धत सरकारी यंत्रणेत नेताना ती अनेकदा फसली, आणि ते का घडले हे यशापेक्षा अधिक शिकवणारे आहे. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी सुटीत सरकारी शिक्षकांनी शिबिरे घेतली, तेव्हा मुले वाचू लागली; त्याच राज्यात शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य देऊन हेच काम शाळेच्या नेहमीच्या दिवसांत करायला सांगितले, तर परिणाम दिसला नाही. सुटीत अभ्यासक्रम नव्हता, शाळेत होता, एवढाच काय तो फरक. हरियाणात २०१२-१३ मध्ये यातून धडा घेऊन रोजचा एक तास वेगळा काढला, त्या तासाला इयत्ता मोडून मुलांना पातळीनुसार बसवले आणि देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना आधी काही दिवस स्वतः वर्ग घ्यायला लावले. तेव्हा हिंदी वाचनात ०.१५ प्रमाण विचलनाची वाढ नोंदली गेली. उत्तर प्रदेशात शाळेतच दहा-दहा दिवसांची, एकूण पन्नास दिवसांची शिबिरे घेतली, त्यांचा परिणाम सुमारे ०.७ इतका मोठा होता.

गणिताचेही असेच आहे, मात्र त्यात एक वेगळी गुंतागुंत आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी विकणारी मुले किलोचा भाव, अर्धवट वजन आणि सुट्टे पैसे यांचा हिशेब मनात बिनचूक करतात. त्यांना कागदावर हातच्याची वजाबाकी किंवा भागाकार दिला की ती अडतात, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नाही. बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलाकडे आधीपासून असलेले ज्ञान वापरायला शाळा तयार नसते, हे त्यातून दिसते, आणि हा दोष पातळीनुसार गट पाडून आपोआप जाणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाला पहिले स्थान दिले आहे. प्राथमिक शाळांतील पाच कोटींहून अधिक मुलांना ही कौशल्ये आलेली नाहीत असा अंदाज त्यात नोंदवला आहे आणि ती आली तरच उरलेले धोरण विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे, अशी कबुलीही आहे. सरकारी दस्तऐवजात इतके स्पष्ट वाक्य सहसा सापडत नाही. त्यानंतर ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला ही कौशल्ये मिळावीत, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवली. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०२२ मधील १६.३ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर गेले, म्हणजे ते साथीपूर्व २०.९ टक्क्यांच्याही पुढे गेले आहे. ही वाढ थोड्या काळातली आहे आणि तिला कमी लेखू नये. तरी चारांतली तीन मुले अजून अलीकडच्याच तीरावर आहेत.

मिळवलेले टिकेल का, हीही शंका आहे. बालसखी बंद झाल्यावर वर्षभराने केलेल्या मोजणीत मुलांचा फायदा ०.१० पर्यंत उतरला होता. एकदा वाचता आले म्हणजे झाले, असे होत नाही. मूल वर्गात परतते आणि तिथे पोर्शन पुन्हा पुढे निघून गेलेला असतो.

शिवाय ‘निपुण भारत’ अभियानाची चौकट तिसरीपर्यंतची आहे. जून २०२० मध्ये पहिलीत नाव नोंदवलेल्या महाराष्ट्रातील मुलाने जवळजवळ दीड वर्ष वर्ग पाहिलाच नाही. ते २०२५-२६ मध्ये सहावीत आले. उच्च प्राथमिक वर्गांत विषयांचे तास असतात, विषयाचे पदवीधर शिक्षक असतात आणि अक्षरओळख करून देण्याचे काम त्यांच्यापैकी कोणाकडेच नसते. पन्नास दिवसांच्या शिबिरांची पद्धत तिसरी ते पाचवीच्या मुलांवर तपासली गेली आहे. ती सहावी-सातवीत न्यायची, तर विषयांचे काही तास काही आठवडे बाजूला ठेवावे लागतील आणि त्या सहामाहीत पोर्शन अपुरा राहील, हे शिक्षण विभागाला शाळांना आधीच लेखी कळवावे लागेल.