कोटातला हात पोटदुखीचा नव्हे

जुन्या युरोपीय उमरावांच्या छापील चित्रांत एक हात कोटाच्या बटणांमध्ये सरकवलेला असतो. ‘पोटाचा विकार होता म्हणून’, असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं स्वाभाविकच आहे. पण ती ठरवून घेतलेली ढब होती. १७३७ साली लंडनमध्ये छापलेल्या शिष्टाचाराच्या एका पुस्तकात ती शिकवली आहे: धाडस, पण विनयाने आवरलेलं.

रुबाबाचं निम्मं काम उजेडाचं. मेझोटिंट छपाईत तांब्याचा पत्रा आधी सगळा खरखरीत करत. तसाच छापला तर मखमली काळा ठसा उमटे. मग उजेड हवा तेवढीच जागा घासून गुळगुळीत करायची. म्हणून कपाळ आणि मनगटाची लेस अंधारातून उजळतात. मला हे फार सुंदर वाटतं.

पडताळायचं असेल तर संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर अठराव्या शतकातली वीसेक इंग्रज व्यक्तिचित्रं पाहा. माणसं वेगळी, हात तसाच. मूळ रंगचित्रही शेजारी ठेवा. छापताना कधी कधी बाजू उलटते आणि उजवा हात डावा होतो.